रिकाम्या जागा भरा

गिरासे सर फळ्यावर तीन चित्रं काढतात.
ठिपका म्हणजे ऍट. फरशी म्हणजे ऑन. डबा म्हणजे इन.
पाठ करा, म्हणतात, का म्हणून विचारू नका,
का-ला मार्क नाहीत.

दोंडाईच्यात मिरचीचा सीझन आहे.
अभ्यासिकेच्या खिडकीतून पथारी दिसते,
दोन एकर नुसतं लाल,
आणि त्या लालात
की लालावर
बायका बसलेल्या, देठ खुडत.
मिरची जमिनीवर, ऑन.
बायका मिरचीत, इन? अमंग?
माझी आई त्यांत कुठेतरी आहे, तिला कोणतं लावू?
इथून तर ठिपकाच दिसते.
म्हणजे ऍट.

आपल्याकडे ते शब्दाच्या मागून येतं,
पाठुंगळी बसलेल्या पोरासारखं चिकटून:
घरात, घराला, घराकडून, घरापायी.
आधी घर येतं, मग घराचं काय ते.
इंग्रजीत ते एकटंच पुढे येतं, दार वाजवतं,
आणि आत कोण राहतं
ते घर यायच्या आधीच आपल्याला माहीत पाहिजे.

मी चार वर्षांपासून तयारी करते आहे.
पासून म्हटलं की हात सिन्सकडे जातो.
चूक. चार वर्षं म्हणजे लांबी, तिला फॉर.
सिन्सला एक खुंटी लागते, तारखेची.
मी मागे जाऊन खुंटी शोधली.
पहिल्या फॉर्मचं चलन भरलं तो मंगळवार?
सात मार्कांनी राहिले तो निकाल?
की वजनकाट्यावर रात्रीच्या पावत्या लिहायला लागले तेव्हा,
शेठ म्हणाले होते, दोन महिन्यांपुरतं ये?
ठरेना. फॉर लिहिलं.
बरोबर निघालं.

तस्लीम पिंजारी माझ्याच बाकावर बसायची.
तिचं सगळं यायचं, एक सोडून:
लग्न ती नेहमी विथ करायची.
विथ नाही गं, टू, सर म्हणायचे.
पण सर, टू म्हणजे नुसतं कडे.
त्याच्याकडे गेली, पोचली, संपलं.
सोबत कुठे आहे यात?
सरांनी फळा पुसला.
डिसेंबरात तिचा मेसेज आला, शहाद्याहून,
एकच वाक्य, इंग्रजीत, पूर्णविरामासकट.
टू जागच्या जागी.
मी बराच वेळ त्यात चूक शोधत राहिले.

परीक्षा धुळ्याला होती.
हा ला बघा:
धुळ्याला गेले, धुळ्याला उतरले, मामा धुळ्याला राहतो.
एका ला-वर आपलं भागतं. तिकडे तीन वेगवेगळे,
आणि चुकलं की पाव मार्क कापतात.
एकोणतिसाव्या प्रश्नात एक मुलगी कुत्र्याला घाबरत होती.
पुन्हा ला. माउस टू-वर गेलाच होता.
मग आठवलं, भीतीला ऑफ.
हे मी माझ्या पद्धतीनं पाठ केलेलं:
काट्यावरचा दिवा ऑफ केला
की पाठीमागून येते ती.
एक एफ की दोन, ते माझं मला माहीत.

संध्याकाळी आई ओट्यावर
ताकाच्या वाडग्यात बोटं बुडवून बसली होती.
सीझनभर आग जात नाही.
काय उनं व पेपरमा?
तिच्या बोलीत एवढंच आहे, मा.
घरमा, वावरमा, डोयामा, धुयामा.
डबा, फरशी, ठिपका, सगळ्याला मा.
म्हटलं, मा उनं, माय. सहा मार्कांना.
तिनं बोटं बाहेर काढली नाहीत.
मा ना? मंग ते तं तुले येस.

उत्तरतालिका शुक्रवारी लागणार आहे.
वाराला ऑन.